सातव्या कागदाची होडी

१

जी होडी अजून बांधलीच नव्हती, ती बुधवारी सकाळी आठच्या सुमारास पलीकडच्या काठाला पाण्यात उभी होती.

थोरलीने ती आधी पाहिली. कारखान्याचं कुलूप काढायला म्हणून ती आली, नदीकडे सहज नजर गेली, आणि हातातल्या किल्ल्या तशाच हातात राहिल्या. तिने आत्याला फोन केला. आत्या दोन गल्ल्या सोडून राहायची, पायात सापडल्या त्या चपला घालून ती धक्क्यावर आली. तिने चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला.

आत्याने आयुष्यभर होड्या पाहिल्या होत्या. तिचा भाऊच होड्या बांधायचा, सगळी वस्ती त्याला दादा म्हणायची. पण ही होडी काही वेगळीच होती. पुढे निमुळती, मधे भरलेली, आणि मागे अशी काही अलगद मिटत गेलेली की लाकूड संपून पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते कळू नये. आणि तरीही ही होडी आत्याने कागदावर पाहिली होती. दादाने मरण्याआधी काढलेली ती शेवटची होडी. सात कागद, त्यातला सातवा अर्धा कोरा. मागचा भाग त्याला साधलाच नव्हता. त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं, 'मागचं अजून जमत नाही.'

आणि आता ते जमून समोर उभं होतं.

"हे धाकट्याचं काम आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा झाला होता. "त्याने बाबांच्या फायली चोरल्या. मी चार वाजता चौकीत जाऊन तक्रार देणार आहे. भाऊबिऊ मी आता काही बघणार नाही."

दादाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बहीणभावांचं भांडण त्यानंतरचंच. धाकट्याला होडी लगेच बांधायची होती, मागचा भाग आपण बघू म्हणत होता. बाबांच्या कागदावर कोणी आपलं डोकं चालवायचं नाही, असं थोरलीने ठणकावलं. धाकटा नदीपलीकडे गेला, तिथे त्याने स्वतःची शेड टाकली. तरी अजून येणंजाणं होतं, निदान आईपुरतं. एकदा पोलिसांत नाव गेलं की तेही संपलं, आणि दोन पोरांची आई एका पोराची होऊन बसली.

"चार वाजेपर्यंतचा वेळ मला दे," आत्या म्हणाली. "त्याने चोरी केली असेल तर मीच तुझ्याबरोबर चौकीत येईन."

२

आत्या म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एकतीस वर्षं तिने परीक्षा मंडळाच्या कोठडीत प्रश्नपत्रिका सांभाळल्या होत्या, आणि एकतीस वर्षांत एकही पेपर फुटला नव्हता. मूळ सात कागद पत्र्याच्या नळीत घालून त्यावर लाखेची मोहोर तिनेच लावली होती. तिने आधी ती नळी पाहिली. मोहोर जशीच्या तशी होती, धूळसुद्धा दीड वर्षाची.

मग राहिलं स्कॅन केलेल्या कागदांचं क्लाउडवरचं फोल्डर. थोरलीने कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ते उघडून दाखवलं. मालकी तिची एकटीची. बाकी कोणाला काय करता येईल ते तिने एकेक करून ठरवलेलं होतं. कागद स्कॅन करणाऱ्याला महिनाभर सगळे अधिकार होते, काम झालं आणि काढून घेतले. धाकट्याला आधी सगळं खुलं होतं, भांडण झालं त्याच दिवशी, म्हणजे वर्षापूर्वी, त्याचं नाव पुसलं. उरली दोन नावं, दादाचे जुने मिस्त्री आणि आई. त्यांना फक्त बघता येईल. डाउनलोड बंद, प्रिंट बंद, कॉपी बंद.

"आणि कोणी कधी काय केलं, ते कळतं?"

कळत होतं. थोरलीने नोंदींची यादी काढली. डाउनलोड एकदाच झालेलं, ते तिचं स्वतःचं, अधिकार बंद करण्याच्या आदल्या दिवशी. मिस्त्रींनी फोल्डर एकदाही उघडलेलं नव्हतं. आणि मग आईचं नाव, एकाखाली एक, रोज दुपारी चार ते साडेपाच. थोरलीने त्या ओळी बोटाने भराभर वर सरकवल्या.

"आई बाबांचं अक्षर बघत बसते," ती हळूच म्हणाली. आत्यानेही डोळे पुसले आणि ती यादी तिथेच सोडली.

जाता जाता थोरलीने भावाचा आणखी एक गुन्हा सांगितला. दर रविवारी येतो, आईच्या खोलीत बसतो, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. जाताना आईने कापलेल्या कागदांच्या गुंडाळ्या मात्र काखोटीला मारून नेतो. शेडच्या खिडक्यांना पडदे करायचेत म्हणे. पडदे हवेत साहेबांना!

आत्या वर वहिनींकडे, म्हणजे थोरलीच्या आईकडे गेली. वहिनी शिवणकाम करायच्या, लग्नाआधीपासून. खोलीत मशीन, कापडांचे तुकडे, खाकी कागद, आणि नदीकडे उघडणारी मोठी खिडकी. बातमी त्यांना कळली होती, पण त्या शांत होत्या, नको इतक्या शांत. आत्याने विचारलं, होडी पाहिलीत का. पाहिली म्हणाल्या. कशी वाटली विचारलं, तर त्यांनी सुईत दोरा ओवला.

"मला काय कळतंय वन्सं त्यातलं. मागे एकदा मधे बोलले, तर थोरली म्हणाली, आई, ती होडी आहे, झगा नाही."

दोघी हसल्या. टेबलावर वहिनींची मापांची वही उघडी होती. आत्याची नजर कागदावर पडली की वाचल्याशिवाय राहायची नाही, तो नोकरीतला रोग. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली खांदा, छाती, कंबर, घेर. एका पानावर मात्र नाव नव्हतं. उंची दोनशे सोळा. छाती चौऱ्याऐंशी. कंबर एकशे चार. मागचा घेर अठ्ठ्याऐंशी. एवढं धिप्पाड गिऱ्हाईक कोण बाई, असं आत्याच्या मनात आलं, आणि मग वाटलं, सोफ्याची खोळबिळ असेल. तिने वही मिटली.

३

स्कॅनवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. माणूस घाबरट, पण खोटारडा नव्हता. आत्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं, दोन मिनिटं, काही न बोलता. कोठडीत शिपायांकडे बघायची तशी.

"बाई," तो म्हणाला, "एक प्रत माझ्याकडे आहे."

त्याला घाम फुटला होता. क्लाउडवर चढवण्याआधीच त्याने सातही कागद स्वतःच्या डिस्कवर ठेवून घेतले होते. वाईट हेतूने नाही, उद्या काही बिघडलं तर म्हणून. पुढे क्लाउडवर हजार कुलपं घातली तरी ही प्रत कुलपाबाहेरच. त्याने ती कोणाला दिली नव्हती, असं तो आईची शपथ घेऊन सांगत होता, पण शपथेवर आत्याचा कधीच विश्वास नसे. तिने त्याच्याकडून सातही कागद छापून घेतले आणि ती मिस्त्रींना गाठायला निघाली.

मिस्त्री दादाच्या हाताखाली तीस वर्षं काम केलेले. स्क्रीनचं त्यांना वावडं. लाकूड हाताला लागल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, म्हणायचे. त्यांनी छापील कागद चाळले आणि तिसऱ्यावर थांबले.

"ताई, हा जुना आहे. चुकीचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. स्कॅन करताना तिसऱ्या कागदाची एक घडी आतच दुमडून राहिली होती, आणि त्या घडीत होडीच्या कण्याची चार इंच लांबी गडप झाली. स्कॅनमध्ये सतरा फूट आठ इंच दिसायचं. मिस्त्रींना दादाचं तोंडचं माप आठवत होतं. त्यांनी कुरकुर केली म्हणून सहा महिन्यांपूर्वी आत्याच्याच समक्ष नळीची मोहोर काढून तो एक कागद थोरलीने कारखान्यातच पुन्हा स्कॅन केला होता. नवी मोहोरही तिनेच लावली होती. आत्याने कपाळावर हात मारला. सकाळी तिला ती धूळ दीड वर्षाची वाटली होती. म्हणजे तिची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती, आणि सकाळपासून आणखी काय काय तिच्या नजरेतून निसटलं होतं कोण जाणे.

"मिस्त्री, टेप घ्या," ती म्हणाली. "पलीकडे जाऊन ती होडी मोजायची."

४

धाकट्याने त्यांना अडवलं नाही. तो शेडच्या दारात हात बांधून उभा राहिला. वडिलांसारखाच उंच आणि वडिलांसारखाच हट्टी.

जवळून ती होडी आणखीच अजब होती. मिस्त्रींनी टोपी काढली. तळहात फळीवर ठेवून ते टोकापासून टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी टेप धरला. कणा बरोबर अठरा फूट.

आत्याने मनातल्या मनात नावं खोडायला सुरुवात केली. स्कॅनवाल्याच्या प्रतीत चार इंच कमी होते, तो सुटला. थोरलीने उतरवलेली प्रतही तेव्हाचीच, तीही सुटली. धाकट्याचं नाव वर्षापूर्वीच पुसलेलं, त्याने तेव्हा काही लपवून ठेवलं असेल तर तेही चुकीचंच असणार. ही होडी नव्या कागदावरून झाली होती, आणि नवा कागद आला तेव्हा डाउनलोड सगळ्यांना बंद होतं. कोणीतरी काहीही न उतरवता, नुसतं बघून ही होडी नेली होती.

"पण ताई, बांधणाऱ्याचं डोकं तिरपं आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एका फळीवर दुसरी फळी जिथे चढते तिथे दादा दोन बोटं लाकूड सोडायचा, सगळेच सोडतात. इथे तीन बोटं होती, प्रत्येक सांध्याला, न चुकता. फळ्यांच्या कडांना जागोजाग बारीक त्रिकोणी खाचा होत्या, या फळीची खाच त्या फळीच्या खाचेसमोर. आणि मागे, जिथे सातवा कागद कोरा होता, तिथे दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी फळी मधेच घातलेली होती, वर रुंद आणि खाली टोकदार. "तीस वर्षांत असं कोणी केलेलं मी पाहिलं नाही. पण त्याच्यामुळेच तर ती अशी वळलीय."

आत्याने धाकट्याला विचारलं, तुला कागद कोणी दिले.

"मी ते फोल्डर वर्षभरात उघडलेलं नाही, आत्या. आणखी सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

"ताई चार वाजता तुझ्याविरुद्ध तक्रार करणार आहे."

त्याचा चेहरा उतरला, पण तो हलला नाही. "करू दे. तिने इथे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी होडी बघावी, मग काय ते करावं."

आत्या शेडमध्ये टेकली. उन्हाची तिरीप थेट तिच्या डोळ्यांवर येत होती. तिने त्रासून मान वळवली, तर दुसऱ्या खिडकीतूनही तेच. चार खिडक्या, चारही उघड्याबोडक्या. एकीलाही पडदा नव्हता.

मग दर रविवारी हा नेत काय होता?

आत्या ताडकन उठली. अठरा फूट. तिने बोटांवर हिशोब केला, बारा अठरे किती, आणि ती परत मटकन खाली बसली. दोनशे सोळा.

"आत्या, पाणी आणू का?" धाकटा घाबरून म्हणाला.

"पाणी नको," आत्या म्हणाली. "बरोबर चारला ही होडी घेऊन आपल्या धक्क्याकडे ये. मिस्त्रींना बसवून. शब्द मोडायला मी तुला सांगत नाहीये, नुसती वल्ही मार."

५

थोरली तक्रारीचा कागद लिहून तयार होती. आत्याने तो तिच्या हातातून घेतला, घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि तिला जिन्याने वर नेलं. चारला पाच मिनिटं कमी होती.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. समोर टॅबलेट, शेजारी टेप आणि ती वही. रोजच्या वेळेला रोजची बैठक.

"वहिनी," आत्या म्हणाली, "सकाळी मी तुमच्या वहीत एक गिऱ्हाईक पाहिलं. नाव नसलेलं. त्याची उंची अठरा फूट आहे."

वहिनींनी टेप गुंडाळून बाजूला ठेवला. आत्यानेच मग थोरलीला एकेक करून सगळं सांगितलं. जी घडी पडून चार इंच गेले होते, ती उलगडल्यानंतरचा कागद पाहिलेली माणसं या घरात दोन. एक थोरली आणि एक आई. "मी एकतीस वर्षं पेपर सांभाळले आणि आज तुझ्यासारखीच फसले. ती नावाची रांग आपण दोघींनी पाहिली आणि अक्षर बघत असेल म्हणून सोडून दिली. दीड तास कोणी नुसतं अक्षर बघतं का गं?"

मग तीन बोटं. होडी बांधणारा दोन सोडतो, पण शिवणारी बाई शिवणीला नेहमी थोडं जास्तच सोडते, पुढे उसवून सैल करायला. मग त्या खाचा. दोन कापडं कुठे जुळवायची ते कळावं म्हणून कात्रीने मारायच्या खुणा. आणि मागच्या त्या दोन त्रिकोणी फळ्या.

"कळ्या," वहिनी म्हणाल्या. "सपाट कापडाला गोल करायचं तर कळी घालावी लागते. लाकडाला तरी वेगळं काय करणार?"

थोरली भिंतीला टेकली. "तू हे स्क्रीनवरून कसं केलंस? तिथे तर काहीच घेता येत नाही."

वहिनींनी टॅबलेट पुढे ओढला आणि दाखवलं. कागदाच्या कोपऱ्यात दादाने मापाची पट्टी काढलेली होती. दोन बोटांनी चित्र ताणायचं, ताणत राहायचं, पट्टीवरचा एक इंच खऱ्या टेपच्या एक इंचाएवढा होईपर्यंत. मग होडी पूर्ण मापाची. स्क्रीनमध्ये एका वेळी वीतभरच दिसते, म्हणून वीतभरच मोजायची, वहीत लिहायची, चित्र पुढे सरकवायचं. चुकून बोट लागलं की चित्र पळतं, मग पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने, रोज दीड तास. त्यांनी पलंगाखालून एक गुंडाळी ओढली आणि जमिनीवर सोडली. खाकी कागद उलगडत, मशीनच्या पायांमधून वळत, दारापर्यंत गेला. अठरा फूट लांब, एकाही सुरकुतीशिवाय, आणि त्याच्या कडेवर वहिनींच्या अक्षरात लिहिलेलं, 'डावी कूस, तिसरी फळी'.

आत्या कागदावर पाय पडू नये म्हणून जागीच उभी राहिली. या बाईला आपण चाळीस वर्षं ओळखतो, असं तिला आज सकाळपर्यंत वाटत होतं.

"मला सांगायचं होतंस," थोरली कशीबशी म्हणाली.

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, झगा नाही." वहिनींच्या आवाजात राग नव्हता. "तुझे बाबा आजारी असताना मागच्या भागावरून चिडचिड करायचे. एकदा मी कापडाचा तुकडा घेतला, दोन कळ्या लावल्या आणि त्यांच्या हातात दिला. किती वेळ तो फिरवून फिरवून बघत होते. म्हणाले, चाळीस वर्षांत हे मला बोलली का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कधी? उद्या सकाळी काढतो म्हणाले. तो उद्या काही आला नाही."

त्यांनी टेबलावरची वही मिटली.

"धाकट्याला मीच बजावलं होतं," त्या पुढे म्हणाल्या. "ताईने होडी पाण्यात चालताना बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आधी सांगितलं असतं तर तू बघितलीच नसतीस. माझं नाव ऐकून हसली असतीस."

६

खालून वल्ह्यांचा आवाज आला. तिघी खिडकीशी गेल्या.

होडी मधल्या धारेतून येत होती. धाकटा वल्ही मारत होता, पण दोन-चार हातच, बाकी ती आपली आपणच येत होती. नदीला ओढ होती, तरी होडी तसूभरही वाकडी झाली नाही. मागे पाणी फुटायला हवं होतं, फेस यायला हवा होता. मागे काहीच नव्हतं. नुसती एक गुळगुळीत रेघ, तीही लगेच मिटत होती. मिस्त्री पुढे बसले होते, टोपी छातीशी धरून. धक्क्यावरची माणसं हातातलं काम टाकून उभी होती.

थोरलीने दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली. ती लहान असल्यापासून वडिलांच्या सगळ्या होड्या पाण्यात जाताना तिने पाहिल्या होत्या. अशी एकही नव्हती. बाबांनाही ही बघायला मिळायला हवी होती, असं ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

धाकट्याने धक्क्याला दोर लावला आणि मान वर करून खिडकीकडे पाहिलं. थोरलीने हात हलवून त्याला वर बोलावलं. तो जिन्यावरून दोनदोन पायऱ्या चढत आला आणि दारातच थबकला, कारण आत यायचं तर कागदावरून यावं लागणार होतं.

"आत्या, माझा तक्रारीचा कागद दे," थोरली म्हणाली. तिने तो फाडला नाही की काही नाही, वहिनींच्या टेबलावर पालथा ठेवला. खाकी कागद संपला होता, मापं लिहायला उपयोगी पडला असता.

मग ती टॅबलेट घेऊन बसली. फोल्डर उघडलं. आईच्या नावापुढे लिहिलेलं होतं, फक्त पाहता येईल. वर्षभरापूर्वी तिने स्वतःच निवडलेले ते शब्द तिने दोनदा वाचले. मग त्या जागी तिने निवडलं, बदल करता येतील. धाकट्याचं नाव पुन्हा लिहिलं आणि त्याच्यापुढेही तेच. शेवटी तिने सातवा कागद उघडला, अर्धा कोरा, आणि टॅबलेट आईसमोर ठेवला.

वहिनींनी चष्मा नीट केला. 'मागचं अजून जमत नाही' या ओळीवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. या वेळी चित्र पळालं नाही, बोटाखाली एक बारीक रेघ उमटली. त्या दचकल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की आत्याला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"यात पेन्सिल कुठे असते गं?" वहिनींनी विचारलं.